येळवशीचं दूध

दिनदर्शिकेत लाल तारीख दिसली की मास्तर माणसाचा जीव सुखावतो. मीही त्यातलाच. माझ्या शेजारच्या भिवराबाईला मात्र त्याच तारखांची धडकी भरायची, आणि दोन हजार पंधराच्या त्या दुष्काळी सालात मला ते रोज भिंतीपलीकडून ऐकावं लागे.

धर्मापुरीजवळच्या आमच्या वाडीत बायकांची दूध संस्था तिनंच उभी केली होती. त्याआधी अठरा वर्षं नवऱ्यासोबत, आश्रुबासोबत, ऊस तोडला. दसरा झाला की ट्रकमध्ये बसायचं, पाडव्याच्या सुमाराला परतायचं. मग एक गाय घेतली आणि वीस घरांच्या मागे लागून त्यांनाही घ्यायला लावल्या. अंबाजोगाईहून रोज सकाळी दुधाची गाडी यायची, पण अट होती. रोज साठ लिटर भरलंच पाहिजे. वर्षात तीनदा कमी पडलं की गाडी बंद.

"गाडी बंद पडली तर पुढच्या दसऱ्याला गुमान कोयता उचलायचा," आश्रुबानं बजावलं होतं.

"उचलते की," ती म्हणाली. "पण बंद पडू देते व्हय मी?"

पाऊस नव्हता, जनावरं चारा छावणीत होती. स्वातंत्र्यदिन निभावला, मराठवाडा मुक्तिदिन निभावला. झेंड्याला दूध लागत नाही. कोजागरीला मात्र घरोघर दूध आटलं आणि कॅनात बावन्न लिटरच आलं. भाऊबीजेला भावांसाठी खिरी शिजल्या, पंचावन्न भरलं. लोक दुष्काळात पोटाला चिमटा घेतील, पण सण सोडणार नाहीत. मला त्यात काही चूक दिसत नाही. कोजागरीचं दूध मीही दोन पेले प्यालो होतो.

आता आणखी एकदा कमी पडलं की गाडी बंद, आणि जानेवारीत येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली. देशाच्या सुट्ट्यांच्या यादीत ती नाही, पण त्या अवसेला आमची सगळी वाडी रानात जाते, काळ्या आईला पुजते, आंबील पिते. त्या दिवशीचं दूध आमच्याकडे कुणी विकत नाही. ते रानाचं आणि गुराढोरांचं.

आदल्या दिवशी भिवराबाई चंद्रभागाबाईंकडे गेली. रीतभात मोडली तर ही म्हातारी महिनाभर अबोला धरायची. मीही मजा बघायला मागोमाग गेलो.

"मावशी, येळवशीचं दूध इकायचं न्हाई ना?"

"न्हाई. सासूनं इकलं न्हाई, मी इकणार न्हाई."

"नगा इकू. ते जनावराचं हाय, जनावरालाच द्या. समद्याजणी कॅनात वता, कुणाच्याच नावावर लिवायचं न्हाई. त्याच्या पैशाची सरकी पेंड आणू अन् छावणीतल्या समद्या गुरांपुढं ठिवू."

म्हातारीनं मिश्रीचं बोट तोंडातून काढलं. "म्हंजी इकायचं न्हाई, द्यायचं."

"द्यायचं."

"मंग का न्हाई?"

येळवशीच्या सकाळी पहिला तांब्या चंद्रभागाबाईंचा आला. मग संस्थेत नसलेली घरंही आली. मी माझ्या चहाचं अर्धा लिटर दूध कॅनात ओतून काळा चहा प्यालो. एक्याऐंशी लिटर भरलं. आणखी एक कॅन मागून आणावा लागला, आणि भिवराबाई तो दोन्ही हातांनी धरून नुसती हसत उभी होती. मला इतका आनंद शाळेचा निकाल शंभर टक्के लागल्यावरही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडीवाला विचारू लागला, "काल फॅट एवढी कशी लागली? वर्षात कदी न्हाई."

"कालचं दूध रानाचं व्हतं," भिवराबाई म्हणाली. "देवाच्या दुधात कोण पानी घालतंय?"

वीस बायका खाली बघू लागल्या. त्यानंतर फॅट फारशी घसरली नाही, आणि वर्षात तिसऱ्यांदा दूध कमी पडलं नाही.

पुढच्या साली पाऊस लागला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक वाडीच्या तोंडाशी उभा राहिला आणि मुकादम सुंदरराव आश्रुबाच्या दारात आला.

"आश्रुबा, कोयता निघतोय ना रं?"

आश्रुबानं गोठ्याकडे बोट केलं. "मालकिणीला इचारा."

भिवराबाई ऊस तोडायच्या त्याच कोयत्यानं हिरवा चारा तोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"कोयता कामात हाय," ती म्हणाली.

सुंदरराव ट्रक पुढच्या वाडीला घेऊन गेला.