रेझिनचा फुलोरा

त्या डब्यावर खोटं लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी शहाणपण शिकवायला नको. रंगीत डबा, वर चिमुकले बर्गर, चिमुकले डोनट, नखाएवढ्या इडल्यांची प्लेट, आणि खाली इंग्रजीत ठळक अक्षरांत की हे कधी पिवळं पडत नाही, कधी खराब होत नाही, आयुष्यभर टिकतं. आयुष्यभर! कोणाच्या आयुष्यभर, ते लिहिलं नव्हतं. माशीच्या असेल.

माझी पोरगी तेव्हा कॉलेजात होती. भिलाईतल्या पावर हाउस भागातल्या बाजारातून तिनं तो डबा आणला. आत दोन बाटल्या: एकीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारं औषध. दोन्ही मापानं मिसळायचं, साच्यात ओतायचं, एक दिवस हात लावायचा नाही, की काचेसारखं कडक होतं. सोबत रंगाच्या पुड्या, आणि रबरासारखा एक मऊ गोळा. त्या गोळ्यात कुठलीही वस्तू दाबून ठेवली की तिचा साचा तयार. आठवडाभर आमच्या डायनिंग टेबलावर जेवायला जागा नव्हती. किल्ल्यांना समोसे लटकले, फ्रिजवर जिलेबी चिकटली. "मम्मी, देखो ना, एकदम असली लग रहा है," पोरगी म्हणायची, आणि खोटं कशाला बोलू, लागतच होतं.

इथपर्यंत ठीक होतं. समोसा पिवळा पडला असता तर माझं काय जात होतं? पण मले अक्कल सुचली ना!

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. सासरे भंडाऱ्याकडून इथे भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये कामाला आले, तेव्हापासून या गावात बसतात. पहिल्या दिवशी देवी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. त्यांच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगायची आणि तिला दोऱ्यांनी फुलोरा बांधायचा. फुलोरा म्हणजे देवीचे दागिने आणि खाऊ, सगळं कणकेचं आणि रव्याचं, तळलेलं: वेणी, फणी, आरसा, कुंकवाचा करंडा, करंज्या, पापड्या. सगळं इवलं इवलं. वेणी बोटाएवढी, आरसा रुपयाच्या नाण्याएवढा. तिसऱ्या दिवशी तो उतरवून घरोघर वाटायचा आणि लोकांनी कुरकुर खायचा.

हा फुलोरा आमच्या घरात एकट्या सासूबाईंना येत होता. करंज्या-पापड्या मीही करते, त्यात काही मोठं नाही. पण त्यांची ती पाच पदरांची वेणी! तेलात सोडली तरी एक पदर सुटत नसे. त्यांच्या सासूनं त्यांना शिकवली, सासूला तिच्या सासूनं. पुढची मी. दरवर्षी म्हणायचे, "आई, पुढच्या साली नक्की शिकते हं." त्या म्हणायच्या, "शीक वं बाप्पा, मी काय जन्माले पुरून राहिली!" डबा घरात आला तेव्हा त्यांना पंच्याहत्तर उलटून गेली होती. बोटं सुजायची. चहात कधी साखर दोनदा पडायची, कधी पडायचीच नाही. मंगळवारला शुक्रवार म्हणायच्या. शिकायची हीच वेळ होती. तेव्हा मला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. चांगलं कळत होतं, आणि मी डबा उघडला.

त्या वर्षी देवी गेल्यावर मी फुलोऱ्यातला एकेक नग बाजूला ठेवला आणि त्या रबरी गोळ्यात दाबून साचे काढले. थंडीभर मायलेकी ओतत बसलो. पोरीनं प्रत्येक गोष्टीचे व्हिडिओ केले. बाटली उघडताना, रंग घालताना, साच्यातून वेणी निघताना, पाठीमागे गाणं लावून. तिच्या फोनात त्या रेझिनच्या वेणीचे ढीगभर व्हिडिओ आहेत. आजीच्या हाताचा एक नाही. पोरीला काय बोलू? मी तरी कुठे म्हटलं होतं, की पोरी, जरा आजीचा काढ!

पुढच्या भाद्रपदात रेझिनचा फुलोरा पहिल्यांदा लावला तेव्हा काय झळकला म्हणता! विजेच्या माळेखाली नुसता लखलखाट. आमच्या नेहरू नगरातल्या अर्ध्या बायका फोटो काढून गेल्या. सासूबाईंनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"चांगलं दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या. "मंग आता माह्यं काय काम?"

"आराम करा ना आई! किती वर्षं केलं!" मी मोठ्या मनाची सून! त्या दोन दिवस स्वयंपाकघरात येऊन बसायच्या, उठायच्या, परत येऊन बसायच्या. मी सोळा भाज्यांच्या गडबडीत होते, वैतागून म्हटलं, "आई, तुम्ही बाहेर टीव्हीसमोर बसा बरं." आणि त्या गेल्या. गुमान गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी शेजारची छत्तीसगढी काकी दारात उभी राहिली. तिला आमच्या पापड्या फार आवडायच्या. "ए दारी परसाद नइ मिलही का?" यंदा प्रसाद नाही का मिळणार, असं विचारत होती. मी तिच्या हातावर दुकानातला पेढा ठेवला. ती चौकटीकडे बघत राहिली, मग पेढ्याकडे, आणि गेली. सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "तीन दिवस झाले, एक मुंगी नाही लागली वं." मी हसले. मला वाटलं, कौतुक करून राहिल्या! मुंग्यांचा ताप गेला म्हणून मी खूश होते.

मग तो फुलोरा वर्तमानपत्रात गुंडाळून देवीच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि पेटी माळ्यावर, थेट स्लॅबखाली. आमच्या पेटीची जागा तीच. मुखवटे तिथेच राहतात, पितळी समया तिथेच राहतात, त्यांना कधी काही झालं नाही. भिलाईचा मे महिना ज्यानं काढला नाही त्याला काय सांगावं! दुपारी नळाला गार पाणी म्हणून जे येतं, त्यात चहा होईल. पण डब्यावर आयुष्यभर लिहिलं होतं ना. मी शिकलेली बाई, मी छापलेल्यावर विश्वास ठेवते.

दुसऱ्या वर्षी पेटी उघडली, तर सगळं पिवळसर. आणि माझा मूर्खपणा बघा, मी खूश झाले! म्हटलं, "वा, आता कसा तुपात तळल्यासारखा दिसतो!" हाताला थोडं चिकट लागलं, ते मी पावसाळी हवेवर ढकललं. त्याच वर्षी सासूबाई नातीला नणंदेच्या नावानं हाक मारू लागल्या होत्या. गॅस सुरू ठेवून अंगणात जायच्या. डॉक्टर म्हणाले, वय आहे, सांभाळा. मी नणंदेला फोनवर म्हटलं, "बरं झालं बाई, फुलोऱ्याची कटकट मिटली, नाहीतर यांना आता कुठे कढईजवळ बसू द्यायचं?" हे मी बोलले. याच तोंडानं.

तिसऱ्या वर्षी, महालक्ष्म्यांना दोन दिवस उरले असताना, ह्यांनी पेटी खाली काढून दिली आणि मी कागद सोडवायला घेतला. सुटेच ना. ओढला तर अर्धा कागद करंजीलाच राहिला, आणि तो सोलला तर करंजीच्या पोटावर बातमी उमटलेली, उलट्या अक्षरांत. आरसा वाकून बशी झाला होता. फणीचे दात एकमेकांवर झोपले होते. वेणीचे पदर पसरून सपाट झाले होते, वर काळपट पिवळा रंग, जुन्या खोकल्याच्या बाटलीसारखा. हात लावावा तिथे बोटाचा ठसा. देवीच्या डोक्यावर हे टांगायचं? मी तर भंगारवाल्याला दिलं नसतं!

ती पेटी घेतली, ऑटो केला आणि तडक पावर हाउस. दुकानदारानं एक करंजी उचलली, वास घेतला. वास! "भाभीजी, धूप में रखा होगा."

"पेटी में था. बंद पेटी में!"

"तो गर्मी लगी होगी. या मिक्सिंग बराबर नहीं हुआ होगा. ये शो-पीस आयटम है ना, एसी रूम में रखना पड़ता है."

"तो डब्बे पे लिखो ना, भिलाई में मत बेचो! लाइफटाइम कायको लिखा?"

तो म्हणाला, लिखने वाला मैं थोड़ी हूँ. आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोच डबा दाखवायला लागला. माझ्या डोळ्यादेखत! मी त्या बाईला सांगितलं, घेऊ नका, तिसऱ्या वर्षी याचा चिकटा होतो. तिनं माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघितलं आणि घेतला.

घरी आले तर आमचे हे. उभी हयात प्लांटच्या रेल मिलमध्ये, रूळ बनवण्यात गेली त्यांची. पेटीत डोकावून म्हणतात, "उन्हानं लोखंडाचा रूळ वाढते, याचं काय घेऊन बसली?"

"आता सांगता? तीन वर्षं काय मूग गिळून बसले होते?" मी इतकी ओरडले की पोरगी वरून धावत आली. ते बिचारे पेपर घेऊन अंगणात गेले.

मग मी सासूबाईंकडे गेले. पलंगावर बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी बसून म्हटलं, "आई, यंदा फुलोरा घरीच करू. तुम्ही वेणी वळा, मी शिकते."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. "थांब, लुगडं बदलवून येतो," म्हणाल्या. दुपारी जमिनीवर चादर अंथरली, कणीक मळून दिली. त्यांनी ती दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "सैल आहे वं, पीठ टाक." हात अजून ओळखत होते. मला धीर आला. पापड्या झाल्या, करंज्यांना मुरड पडली. मग त्यांनी पाच बारीक वळ्या केल्या, ताटात शेजारी शेजारी मांडल्या, वरची टोकं चिमटीत धरली. एक पदर दुसऱ्यावरून टाकला. दुसरा खालून घेतला. आणि थांबल्या.

मी वाट पाहिली. त्यांनी सोडवलं, पुन्हा धरलं, पुन्हा तिथेच थांबल्या. तिसऱ्यांदा सोडवलं. कणीक सुकायला लागली होती. त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, "पुढं काय करत होती मी? तू पाह्यलं असशील ना?"

काय सांगू? बावीस वर्षं मी त्याच खोलीत होते. त्या वळत, मी तळत. कढईकडे तोंड, त्यांच्याकडे पाठ. माझ्यासमोर वेणी यायची ती वळूनच यायची. नणंदेला फोन लावला, ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मले कावून विचारते वहिनी? माह्यं लग्न तर एकोणिसाव्या वर्षीच झालं." पोरीनं फोनवर शोधून दाखवल्या, तिपदरी, चौपदरी, कुठली कुठली. सासूबाई प्रत्येकीकडे नीट पाहून म्हणायच्या, "ही आपली नोहे." आपली कशी, ते त्यांना सांगता येईना. शेवटी त्यांनी पाचही वळ्या गोळा करून कणकेत मिसळल्या आणि हात पदराला पुसत राहिल्या, पीठ निघून गेलं तरी पुसत राहिल्या.

मला संताप आला होता. त्या डब्यावर, त्या दुकानदारावर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. त्यांचं विसरणं मी थांबवू शकले नसते, हे मला समजतं. पण ज्या दोन वर्षांत त्यांना येत होतं, निदान अर्धं तरी येत होतं, ती दोन वर्षं मी त्यांना टीव्हीसमोर बसवलं. वर्षाकाठी एकदा का होईना, हातातून ती वेणी जात होती. मी ती काढून घेतली आणि तिच्या जागी काय टांगलं?

महालक्ष्म्या बसल्या. चौकटीला करंज्या होत्या, पापड्या होत्या, आरसा आणि करंडा कसेबसे जमवले होते. वेणीचा दोरा नुसता लोंबत होता. दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या पंगतीआधी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना सासूबाई उठून देवींसमोर गेल्या. कान धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माय, यंदा तुही वेणी नाही झाली. माह्या हातानं चूक झाली. पोराबाळांवर राग नको धरू."

मला ऐकवलं नाही. मी पाहुण्यांसमोर मोठ्यानं म्हटलं, "तुमची नाही आई, माझी चूक आहे! माझी!" आणि रडायला लागले.

सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, अगदी मायेनं. माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहान पोरीला समजावतात तसा, आणि म्हणाल्या, "तुही कशी वं? ज्याले येते, त्याच्या हातून चूक होते. तुले तर येतच नव्हतं."

आणि आरतीचं ताट माझ्या हातात दिलं.