चोपन्न किलो

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या घरात एक गाडी होती, जी धड गाडीही नव्हती. कुवेतमध्ये अहमदीत तेल कंपनीच्या जुन्या वसाहतीत एक इंग्रज इंजिनिअर राहायचा. तो कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा घरी जोडायची एक अर्धवट गाडी त्यानं ह्यांच्या गळ्यात मारली. हे म्हणजे माझा नवरा, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. काटे, डायल आणि नोंदवह्या यांत रमणारा माणूस. खोक्यांत भरलेली फायबरची बॉडी, एका जुन्या जर्मन गाडीचा तळ, इंजिन मागच्या बाजूला, आणि निम्मी पानं हरवलेलं एक पुस्तक. फुकट ते पौष्टिक, असं मी म्हणाले खरी. पुढं वर्षभर त्या पौष्टिकानं आमचा सुट्टीचा एकेक शुक्रवार खाल्ला.

मी तिथल्या दवाखान्यात नर्स होते. कुवेतला आधी मी आले, वर्षभरानं हे आले, आणि राहायला मिळालेलं दोन खोल्यांचं घर माझ्या नोकरीचं होतं. आमची मुलगी मिरजेला सासूबाईंकडे होती. तिला एकदा आणलं होतं. पण धुळीचं वादळ उठलं की तिला दम लागायचा. तिसऱ्या वादळात तिच्या छातीतली शिट्टी ऐकली आणि मीच तिला परत पाठवली. म्हणजे लेक हवी असेल तर मी तिकडे जायचं, दुसरा रस्ता नव्हता. माझा करार मार्चमध्ये संपत होता आणि मी जायचं मनाशी धरलं होतं. ह्यांना विचारलं की एकच उत्तर यायचं.

"तू ठरव. मी काय, कुठंही राहीन."

त्याच हिवाळ्यात सासूबाईंचं पत्र आलं. पोरीला विषमज्वर झाला होता, आता बरी होती. मला मुद्दाम उशिरा कळवलं होतं. त्यांनी देवीला नवस बोलला होता, त्याप्रमाणे देवळात पोरीची गुळानं तुला केली. एका पारड्यात आमची लेक, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. 'सोळा किलो भरली. गूळ देवळातच वाटून टाकला, तुलेचं घरी आणू नये,' असं त्यांनी लिहिलं होतं. लेक सहा वर्षांची होती. सहा वर्षांच्या मुलीनं सोळा किलो भरणं म्हणजे काय, हे सासूबाईंना कळलं नसेल, मला कळलं. मी ते पत्र युनिफॉर्मच्या खिशात घालून हिंडत होते.

इकडे गाडी उभी राहिली होती. लाल रंगाची, बसकी, दोन माणसांची. इतकी हलकी, की आम्ही दोघं मिळून तिचं पुढचं टोक उचलून बाजूला सरकवायचो. गावात ती छान पळायची. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की मात्र तिला वारं लागायचं, अक्षरशः. नव्वदच्या पुढं नाक वर उचललं जायचं, स्टिअरिंग हातात सैल पडायचं, आणि शेजारून एखादा टँकर गेला की गाडी हातभर बाजूला सरकायची. इंजिन मागं, पुढं काहीच नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, अशी तिची गत. हे एकटेच दोनदा तिला घेऊन गेले आणि पांढऱ्या तोंडानं परत आले.

मग एका शुक्रवारी सकाळी हे मला म्हणाले, "चल, जरा फिरून येऊ."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. या माणसानं तोवर मला 'चल, फिरून येऊ' असं कधी म्हटलेलं नव्हतं. मी पदर खोचला, डोक्याला रुमाल बांधला, थर्मासमध्ये चहा भरला. वाटेत बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे तिथली रोटी, घेतला. मीना अब्दुल्लाच्या चिमण्या मागं पडल्या की रस्ता दक्षिणेला सरळ जातो, एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला लांबवर समुद्राची निळी रेघ. मी खुबूसचे तुकडे करून ह्यांच्या हातात देत होते. हे फारसं बोलले नाहीत, पण ते कधीच बोलत नसत. मी मात्र पुष्कळ बोलले.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. एकदा हे म्हणाले, "वाळलीस गं. दवाखान्यात वजन करून बघ." मी पाहिलं आणि सांगितलं, चोपन्न. दर आठवड्याला विचारायला लागले. मधे एकदा पोरीच्या काळजीनं माझं अन्न तुटलं, बावन्नवर आले, तर ह्यांनी बाजारातून चीज आणि खजूर आणले. "वजन एकसारखं ठेव," म्हणाले. माझी सीट स्वतः खटपट करून चार इंच पुढं घेतली. "पुढचं नीट दिसेल तुला." नवऱ्याला बायकोच्या वजनाची काळजी वाटते, तिला पुढचं नीट दिसावंसं वाटतं. मला भरून यायचं. खोटं कशाला सांगू, मी प्रेमात पडले होते, आणि तेही आठ वर्षांनी, स्वतःच्याच नवऱ्याच्या.

रुमैथियाला एका मराठी डॉक्टरांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिथं मी चारचौघींत सांगून मोकळी झाले, की आम्ही दर शुक्रवारी दोघंच फिरायला जातो. डॉक्टरांची बायको म्हणाली, "नशीबवान आहात हो. आमच्याकडे शुक्रवारी नुसता घोरण्याचा आवाज." बायका हसल्या. मीही हसले, मान जरा वर करून. ती मान आठवली की अजून लाज वाटते.

आणि मग तो एक शुक्रवार. वारा नव्हता, रस्ता मोकळा होता. मी सोळा किलोची गोष्ट काढली आणि बोलता बोलता रडायला लागले. अशी रडले, की मला माझं नाक पुसायची शुद्ध राहिली नाही. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला. हळूहळू करत गाडी कडेला आणून उभी केली. थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्या हातात दिला. आम्ही अर्धा तास तसेच बसलो होतो. मी मनात म्हटलं, हा माणूस माझ्यासाठी थांबला. मी इथून एकटी उठून गेले तर हे जे कुठं आता सुरू झालंय, ते तुटेल. लेक सासूबाईंच्या हाताखाली सुधारेल, दोन वर्षं काय, बघता बघता जातील.

रविवारी मेट्रनबाईंनी कागद पुढं केला आणि मी आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली. कुणी हात धरून करवली नाही. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "बरं झालं."

तीन आठवड्यांनी, शुक्रवारीच, हे गाडीखाली पडले होते. पुढच्या आसाखाली पत्र्याच्या चकत्या घालायचं काम चाललं होतं. मला समजावूनही सांगितलं होतं, की सायकलचा पुढचा दांडा कसा तिरपा असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते, तसाच तिरपेपणा या चाकांना वाढवायचा. मी पायरीवर बसून मेथी निवडत होते. खालून आवाज आला, "अगं, वही बघ जरा. पुढच्या टायरमध्ये मागच्या वेळी हवा किती होती?"

वही लपवलेली वगैरे नव्हती. बोनेटवर उघड्यावर पडली होती. ह्यांचं अक्षर मोत्यासारखं. रकाने आखलेले: तारीख, वारा, वेग, टायरची हवा, वजन, शेरा. मी हवेचा आकडा शोधत बोट खाली नेलं.

'सौ. नाही. नव्वदला नाक उचलते.'

'सौ. बसलेली, ५४. एकशे पाचपर्यंत सरळ.'

'सौ. ५२. फरक जाणवतो. वजन वाढवून पाहणे.'

'सौ. ५४, सीट चार इंच पुढे. एकशे दहापर्यंत सरळ.'

असा एकेक शुक्रवार. मला तारखा पाठ होत्या, पडताळून बघायचीही गरज नव्हती. आणि त्या बिनवाऱ्याच्या शुक्रवारापुढं लिहिलं होतं: 'सौ. ५४. रडत असल्यामुळे वेग घेता आला नाही. चाचणी अपुरी.'

मी मेथीचे हात पदराला पुसले. ह्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते, मी त्या पायांशी बोलले.

"चाचणी अपुरी म्हणजे काय?"

"कुठली?"

"मी रडले त्या दिवशीची."

पान्ह्याचा आवाज थांबला. "अगं, त्या दिवशी नव्वदच्या वर गाडी नेताच आली नाही. पुन्हा करावी लागली."

"म्हणजे मी वजन."

"असं काय करतेस? तू बसलीस की गाडी खरंच सरळ जाते. मी एकटा असलो की नाही जात." हे त्यांनी अगदी मऊ आवाजात सांगितलं, जणू मला आनंद व्हावा. "मी तुला खोटं काय सांगितलं?"

काहीच नाही. हेच तर दुखणं होतं. फिरून येऊ म्हणाले, फिरवून आणलं. वजन एकसारखं ठेव म्हणाले, त्यांना तेच हवं होतं. माझी सही मिळावी म्हणून गोड बोलले असते, तर मी समजू शकले असते, कदाचित माफही केलं असतं. फसवायला तरी समोर माणूस लागतो. ह्यांनी मला फसवण्याइतकंही लक्षात घेतलं नव्हतं, आणि मी मात्र त्या चहाच्या झाकणासाठी माझ्या सोळा किलोच्या लेकीची दोन वर्षं देऊन बसले होते. इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही, ह्यांचा आणि माझाही.

मी टायरच्या हवेचा आकडा वाचून दाखवला. मेथीची भाजी केली. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंकडे जाऊन सही मागं घेता येईल का विचारलं. त्या केरळच्या, हिंदीत म्हणाल्या, "सिस्टर, पेपर तो कब का मिनिस्ट्री चला गया." मला जवळ बसवून त्यांनी पाणी दिलं. कारण विचारलं नाही, आणि ते बरं झालं, कारण सांगणार काय?

त्या आठवड्यात गाडी पुरी झाली. चकत्या बसल्या, बॅटरी मागून काढून पुढं आणली, नाकाखाली वारा शिरू नये म्हणून पत्र्याची पट्टी लागली. आता एकच चाचणी बाकी होती, सगळं पहिल्यासारखं ठेवून. गुरुवारी जेवताना हे म्हणाले, "उद्या शेवटचं. चलशील ना?" आवाजात विनवणी होती, तेवढं मला कळलं.

शुक्रवारी सकाळी मी आमच्या इमारतीच्या हारिसला, म्हणजे राखणदाराला, बोलावलं. त्याच्याकडून तांदळाचं चाळीस किलोचं पोतं उचलून माझ्या सीटवर ठेवून घेतलं. वर पिठाची दहा किलोची पिशवी. मग स्वयंपाकघरातल्या डब्यातली तूरडाळ, काट्यावर मोजून चार किलो. दवाखान्यात तान्ह्या बाळांना औषध मोजून देणारा हात माझा, चूक होणार नव्हती. पट्टा नीट ताणून लावला. हारिस हसत होता, त्याला वाटलं आम्ही कुणाकडे धान्य पोचवायला निघालोय.

हे बाहेर आले. आधी सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दारात उभी होते, रुमाल न बांधता. मला वाटलं होतं, पोतं उतरवतील. आता सांगायला काय लाजायचं, त्याच आशेवर ते चढवलं होतं. एक शब्द बोलले नसते तरी चाललं असतं, नुसतं उतरवायचं होतं.

"किती भरलं?" ह्यांनी विचारलं.

"चोपन्न."

"बरं," म्हणाले, आणि किल्ली फिरवली.

तासाभरानं परत आले. गाडी दारात लावून उतरले तेव्हा चेहरा उजळला होता. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर लेक झाली तेव्हा पाहिला होता. "एकशे वीसला सरळ," म्हणाले. "स्टिअरिंग एका बोटानं धरलं. टँकर गेला शेजारून, हललीसुद्धा नाही." आणि वही काढून तिथंच बोनेटवर टेकवून लिहायला लागले. वजनाच्या रकान्यात चोपन्न घातलं. त्यापुढं या वेळी कुणाचंही नाव नव्हतं.

पोतं आत आणून ठेवलं, त्यांनीच ठेवलं. तुलेचं धान्य घरात शिजवू नये, देवळात द्यावं नाहीतर गरजूला द्यावं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. करार संपायला दोन वर्षं होती. मी पोत्याची शिवण उसवली, दोन वाट्या तांदूळ काढून धुतले आणि कुकर लावला. जेवताना हे म्हणाले, भात चांगला झालाय, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला.