आग्रह कोशिंबिरीचा

सुधाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते. धावत घरी आले, तर माझे सासरे, अण्णा, स्वयंपाकघरात पाटावर बसून काकडी कोचवत होते. "हात चालू ठेवा म्हणायच्या त्या..." एवढंच बोलले. ज्यांनी जन्मात पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नाही, त्यांच्या हातात सुरी देणारी बाई गेली होती.

काकू बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या. शाळेत गृहविज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि रविवारी घरीच मुलांना जेवण शिकवू लागल्या. स्वयंपाक नव्हे, जेवण! अट एकच, मुलाबरोबर घरातलं एक मोठं माणूस हवं. "पोर एकटं शिकून काय करील? पळी तर तुमच्या हातात," म्हणायच्या. माझा रविवार झोपेचा, म्हणून माझ्या लेकीबरोबर, रमेबरोबर, कुरकुरत अण्णा गेले. तिथं आधी ताट वाचायचं. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. आपल्या घरी यातलं काय फुगलं, काय आटलं, ते ज्यानं त्यानं सांगायचं. बनारसची पोरं सकाळच्या कचोरी-जिलेबीवर वाढलेली, पण काकूंनी ती कधी बंद केली नाही. "कचोरीला पाहुणी म्हणून बोलवा, घरजावई करू नका," एवढंच सांगत.

अण्णा रामघाटावरचे पुरोहित. साखर वाढलेली, डॉक्टरांनी डोळ्यांची भीती घातलेली. पोथी वाचता आली नाही तर या माणसाचं उरणार काय, या विचारानं माझा जीव टांगणीला. पण यजमानानं प्रेमानं वाढलेल्या लाडवाला नाही कसं म्हणायचं? आग्रह मोडला की यजमान खट्टू! आणि काकू तर मुलांना शिकवत होत्या, कुणी 'पुरे' म्हटलं की पुन्हा विचारायचं नाही. अण्णा भडकले.

"आग्रह नाही तर पंगत कसली हो?"

"करा की आग्रह, अण्णा. पण कोशिंबिरीचा करा!"

पुढं पंचगंगा घाटाजवळच्या एका पंगतीत रमा कोशिंबिरीचं पातेलं घेऊन फिरली. "थोडी और घ्या ना, काका. मी कोचवलीये!" अण्णांसकट सगळे भटजी हसले, पण पातेलं रिकामं झालं, आणि लाडवाला पोटात जागा उरली नाही. लाडवांचं ताट हातात धरून मी बघतच राहिले. डॉक्टरांना जमलं नाही, मला नाही, माझ्या नवऱ्याला नाही. या बाईनं आमची रीत न मोडता तिच्याच आत शिरून ते केलं होतं. केवढी अक्कल, आणि केवढी माया! अण्णा आजही पोथी वाचतात.

काकूंच्या तेराव्याला त्यांच्या मुलानं लाडू पुढं केला. अण्णांनी पानावर तळहात आडवा धरला. "पुरे." मुलगा थांबला, आईचाच तो. मग रमा आली, कोशिंबीर वाढून पुढं निघाली.

"अगं, निघालीस कुठं?" अण्णा म्हणाले. "आग्रह कर ना... काकूंनी शिकवला तसा."

 रमा नुसती वाढत राहिली, आणि अण्णा पुरे म्हणेनात.