कादंबरीचा शेवट नागपूरला छापला

प्रूफ परत आलं तेव्हा शेवटच्या प्रकरणावर लाल शाईची आडवी रेघ होती. एका पानावर नाही, त्या प्रकरणाच्या सगळ्या पानांवर. मागं टाचणीनं चार कागद लावले होते, सरांच्या अक्षरातले. वर लिहिलं होतं, ‘हे जुळवावे.’

मी मालकाला विचारलं, "हे कोणाचं होय?"

"सरांचं."

"कादंबरी तर पोरीची आहे."

"तू जुळव ना बे. तुले कायले पाहिजे पंचायत?"

मी भंडाऱ्याच्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो. कंपोझिटर म्हणजे खिळे जुळवणारा. एकेका अक्षराचा शिशाचा खिळा असतो. लाकडी केसमध्ये त्यांची घरं असतात. समोर लिहिलेला कागद ठेवायचा आणि एकेक खिळा उचलून ओळ लावायची. ओळ उलटी दिसते, ती वाचायची सवय होते. शाळा माझी चौथीत सुटली. पण माझ्या हातच्या कामात चुका निघत नसत. भंडाऱ्यात तेव्हा कोणालाही विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं.

आमच्याकडं लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं, सोसायट्यांच्या पावत्या हे काम. पुस्तक क्वचित. आणीबाणी उठल्यावर सालभरानं हे पुस्तक आलं. लिहिणारी शहापूरची विमल. वय वीसेक. मॅट्रिक झालेली, घरी बिड्या वळायची. आमच्यासारखीच बौद्ध वस्तीतली. बाप नव्हता. कॉलेजातल्या एका सरांनी तिचं लिहिलेलं वाचलं, आवडलं, आणि नागपूरच्या एका प्रकाशकाला त्यांनी तयार केलं. छपाई आमच्याकडं, कारण सरांना प्रूफ तपासायला जवळ पडायचं. सर माणूस वाईट नव्हते. ते नसते तर कादंबरी पेटीतच राहिली असती, हे मीही मानतो.

कादंबरी रुखी नावाच्या पोरीची. चौदाव्या वर्षी माय मरते, धाकटा भाऊ हिच्या गळ्यात पडतो. ती बिड्या वळते. ठेकेदार रोज संध्याकाळी बिड्या तपासतो आणि चांगल्या बिड्याही छाट म्हणून बाजूला टाकतो. छाट म्हणजे नापास माल. रुखी ती छाट भांडून परत आणते आणि गाडग्यात ठेवते. आपला माल काहून नापास होतो ते तिला हळूहळू समजतं. त्याला बिडी नको असते, रुखी पाहिजे असते. ती नाही म्हणते. मग छाट वाढते, चूल थंड होते, भाऊ तापात जातो. भाऊ जातो ते पान जुळवताना मी दोनदा बाहेर जाऊन आलो. मालकाला सांगितलं, पाणी प्यायला गेलो होतो.

शेवटच्या प्रकरणात रुखी ते गाडगं घेऊन ठेकेदाराच्या घरी जाते. त्याची बायको दारात येते, शेजारपाजार जमतो. रुखी पायरीवर बसते, छाटेतली एक बिडी काढते, पेटवते आणि सबंध ओढते. मग त्याच्या बायकोला म्हणते, "बिडीत काही खोट नोहती बाई." आणि उठून चालू लागते. तिथं कादंबरी संपते.

सरांच्या चार कागदांत रुखी पायरीवर जातच नव्हती. गावात एक तरुण मास्तर येतो. त्याला तिचे गुण दिसतात. तो तिच्याशी लग्न करतो. मांडव, अक्षता, डोळ्यांत आनंदाचं पाणी, संपलं.

दुसऱ्या दिवशी सर छापखान्यात आले. मी त्यांना तोंडावर विचारलं.

"डोमाजी, हे पुस्तक ग्रंथालयांच्या यादीत लागायला हवं," ते म्हणाले. "नायिका शेवटच्या पानावर बिडी ओढते. कोण घेईल ते?"

"आमच्या घरोघरच्या बायका बिड्या वळून राहिल्या जी. एकीनं ओढली तर काय बिघडलं?"

"तुम्हाला वाङ्मयातलं कळत नाही."

"नाही कळत. लग्नाचं कळते. पत्रिका मीच जुळवतो."

मालक गल्ल्यावरून ओरडला, "डोमा, तोंड बंद ठेव."

इथं आमच्या कामाची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. लहान छापखान्यात खिळे थोडे असतात. सबंध पुस्तक एकदम जुळवून ठेवता येत नाही. आठ पानं जुळवायची, त्याला फर्मा म्हणतात. प्रूफ काढायचं, ते तपासून आलं की छापायचं. छापून झालं की तेच खिळे सोडवून परत केसमध्ये टाकायचे आणि पुढची आठ पानं लावायची. म्हणजे मागचं मोडल्याशिवाय पुढचं होत नाही. विमलच्या पुस्तकाचे मागचे सगळे फर्मे छापून थप्पी लागली होती. खिळे सुटले होते. तिनं पुस्तक परत मागावं म्हटलं तरी सोय राहिली नव्हती. उभा होता फक्त शेवटचा फर्मा. मी तो दोऱ्यानं बांधून दगडी टेबलावर ठेवला आणि शहापूरला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाजवळ निरोप दिला.

विमल दुपारच्या एसटीनं आली. लाल रेघ पाहिली. सरांचे चारही कागद तिनं उभ्या उभ्या वाचले.

"हा मास्तर कुठून आला व काका?" ती मला म्हणाली.

"सरांच्या डोक्यातून."

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कागद घेऊन ती सरांच्या घरी गेली. दिवे लागायच्या वेळेला परत आली. चेहरा उतरला होता, पण आवाजात जोर होता.

"आयका काका. मी लय भांडली. लग्न राहीन म्हणतात. पण पायरीचं पान पण राहीन. बिडी ओढते, बोलते, सारं. आधी पायरी, मंग लग्न. सर हो म्हणाले."

"अन् तू हो म्हणून आली?"

"मंग काय करू? नाही म्हटलं तर पुस्तकच नाही. एक पान तं वाचलं ना. वाचणाऱ्यांले समजते, कोणतं माहं अन् कोणतं त्यायचं."

"नाही समजत," मी म्हणालो. "ज्या बाईनं पायरीवर बसून बिडी ओढली तिचं मंग लग्नात रडणं लावते का कोणी? मी नाही जुळवत हे."

"काका, मी म्हणून राहिली ना जुळवा म्हणून."

"तू थकली म्हणून म्हणते. मी नाही थकलो."

मालक उठून आला. "पुस्तक तुह्या बापाचं आहे काय बे?"

"हात माहे आहेत."

विमल तिथंच स्टुलावर बसून राहिली. तिनं परत एकदा म्हटलं, जुळवा म्हणून. मी टोपी घातली आणि घरी गेलो.

मला वाटलं होतं, माझ्याशिवाय त्यांचं अडेल. पुस्तकाचं काम आमच्याकडं दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं. मालक चार दिवस वाट पाहील, सर कंटाळतील, आणि बांधून ठेवलेला फर्मा मुकाट्यानं मशीनवर चढेल. हा माझा हिशोब. मालकानं दोनच दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सर आले, कागद पिशवीत घातले आणि नागपूरला गेले. शेवटचा फर्मा तिकडंच जुळवून छापला. तिकडं प्रूफ सरांनी एकट्यानं पाहिलं. शहापूरच्या पोरीला नागपूरला कोण बोलावणार होतं?

छापलेले कागद बांधणीसाठी आमच्याकडं आले. घड्या मीच घातल्या. शेवटचा कागद पाहिला. खिळे वेगळे, अक्षर जरा जाड. मांडव होता, अक्षता होत्या. पायरीचं पान नव्हतं.

मी सरांना गाठलं. ते म्हणाले, "आठ पानांत बसेना. काहीतरी काढावं लागलं." न बसायला काय झालं? मी जुळवलं असतं तर दोन्ही बसलं असतं. पण ते मी नव्हतं जुळवलं.

पुस्तकं न्यायला विमल आली तेव्हा तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं पहिली प्रत उचलली आणि मागूनच उघडली. मी खिळ्यांच्या केसकडं तोंड करून उभा होतो.

"काका."

"बोल."

"इथं छापलं असतं तं मी इथं बसून प्रूफ पाहिलं असतं. तुमच्या बाजूले. कोणी पान काढलं नसतं."

"मी त्याचं एक अक्षर जुळवलं नसतं. आजही नाही जुळवत."

"तुमचं काय गेलं जी? पुस्तक माहं होतं."

तिच्या मूळ शेवटाचं, लाल रेघ नसलेलं एक प्रूफ मी काढून ठेवलं होतं, ते दिलं. ती म्हणाली, "हे मीच लिहिलं आहे. मले कायले देता? जे वाचतात त्यायले द्या." आणि प्रूफ दगडी टेबलावर ठेवून पुस्तकांचा गठ्ठा घेऊन गेली. त्याच आठवड्यात लग्नपत्रिकांना खिळे कमी पडले आणि मालकानं तो बांधलेला फर्मा सोडवून टाकला.

पुस्तक यादीत लागलं. चाललं. सर म्हणत होते ते खरं निघालं, शेवट बायकांना आवडला. सानगडीच्या वाचनालयानं विमलचा सत्कार ठेवला. मालकानं विक्रीसाठी पुस्तकं देऊन मला पाठवलं. नारळ झाला, शाल झाली. अध्यक्ष म्हणाले, ताईंनी शेवटचं पान वाचून दाखवावं. विमलनं पुस्तक उघडलं आणि वाचलं. मांडव वाचला, अक्षता वाचल्या. कुठं अडखळली नाही, कुठं थांबली नाही. पावती वाचावी तसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या.

परतताना स्टँडवर आम्ही दोघंच भंडाऱ्याकडं जाणारे. गाडी आली, जागा होती. मी चढलो, खिडकीशी बसलो, शेजारी पिशवी ठेवून जागा धरली. विमलनं मला पाहिलं. ती चढली नाही. कंडक्टरनं विचारलं तर म्हणाली, मागच्या गाडीनं येते. त्यानंतर तिचं लिहिलेलं काही आमच्या छापखान्यात आलं नाही. दुसरीकडं गेल्याचंही मी ऐकलं नाही.

माझ्या हट्टानं पोरीचं पान गेलं असं मालक मरेपर्यंत म्हणायचा. मी ते मानलं नाही. पान काढणाऱ्यानं काढलं. पण एवढं सांगतो, कोणाची पोरगी पुस्तक लिहीत असेल तर तिनं पहिल्या पानाची काळजी करू नये. पहिली पानं सगळेच नीट छापतात. शेवटचं पान कोण जुळवणार आणि त्याचं प्रूफ कोण पाहणार, हे आधी पक्कं करावं. आणि जुळवणारा माझ्यासारखा हट्टी असेल तर त्याला टोपी घालून घरी जाऊ देऊ नये.