ओल्या पोत्यातलं बियाणं

ओल्या पोत्याचा वास आला की मोहाडीच्या घरची पडवी आठवते. त्या दिवशी माय धानाच्या बियाण्याची उगवण पाहायला दाणे ओल्या पोत्यात गुंडाळत होती. मी सांगत होतो की तिच्या दुखण्यावर उद्या मिळणारं अँटीबॉडीचं नवं इंजेक्शन मीच लॅबमध्ये रक्तदात्यांच्या रक्तात घालून पाहिलं होतं. त्या रक्तातली प्रतिकारशक्ती औषधावर खवळली नव्हती, म्हणजे ते सुरक्षित होतं. "माह्या रक्तात पायलं काय?" तिनं विचारलं. "तसं नाई करत, माय." "बियाण्याच्या थैलीवर पास लिवलं रायते, तरी आपण घरी पायतोच ना?" इंजेक्शननंतर तिला हुडहुडी भरली, ताप उतरलाच नाही. चौथ्या दिवशी तिला स्मशानात पोचवून परतलो, तेव्हा पोत्याच्या विणीतून कोंब बाहेर आले होते. आजही मी दात्यांच्या रक्ताच्या नळ्या तपासतो आणि अहवालात 'सुरक्षित' लिहितो.