बंद घरातली मतदार

आणे पठारावरचं सारजाबाईंचं घर दिवाळीनंतर सहा महिने कुलूपबंद असतं. त्या आणि त्यांचे पती राघू दीडशे मेंढरं घेऊन माळशेज घाट उतरतात. कोकणात भाताच्या रिकाम्या खाचरांत खतासाठी कळप बसवतात आणि वैशाखात परततात. सारजाबाई सत्तावन्न वर्षांच्या आहेत. हा क्रम त्यांच्या जन्माआधीपासूनचा.

२०२४च्या मे महिन्यात त्या लोकसभेच्या मतदानाला गेल्या, तेव्हा यादीत नाव नव्हतं. ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, नव्यासारखं. अधिकाऱ्यानं ते परत दिलं. नुसत्या कार्डावर मत देता येत नाही.

यादीचं काम अंगणवाडी सेविका वृषाली बघतात. लग्न होऊन त्या अवसरीहून इथं आल्या, त्याला दोनच वर्षं झाली होती. सारजाबाई त्यांच्याकडे विचारायला गेल्या, तेव्हा आदल्या थंडीतली नोंद निघाली : ‘घर बंद. स्थलांतरित.’ अक्षर वृषालींचंच होतं.

“मी मेले व्हते का गं?”

“तसं नाही मावशी. गाव सोडलं असं लिहिलंय. दाराला नोटीसही लावली होती.”

“गाव सोडणारा कुलूप लावून जातो व्हय? आन् नोटीस कोण वाचणार, पाली?”

वृषालींनी नव्या नोंदणीचा अर्ज काढला. त्यात आपण भारताचे नागरिक असल्याचं लिहून द्यावं लागतं, जन्मस्थळासकट.

“जन्म कुठला?”

“मुरबाडकडं, मेंढरं बसली व्हती तिथं.”

“गावाचं नाव?”

“आईला इचारायचं ऱ्हाऊनच गेलं.”

वृषालींनी तालुका लिहिला. आधार कार्डाची प्रत जोडली. सप्टेंबरमध्ये नाव यादीत आल्याचं त्यांनी घरी येऊन सांगितलं. पण सारजाबाईंना ते मतदान केंद्रावरच्या यादीत बघायचं होतं.

विधानसभेचं मतदान वीस नोव्हेंबरला होतं. कळप तोवर घाटाखाली पोचला होता.

“एका मतानं कुणाचं राज्य पडतंय?” राघू म्हणाले. “हितं चार मेंढ्या व्यायला झाल्यात.”

“पडू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. मला नाव बघायचंय.”

पहाटेची नगरकडे जाणारी एसटी त्यांनी धरली. ओतूरपर्यंत उभ्यानं आल्या, पुढं गावापर्यंत जागा मिळाली. केंद्रावर अधिकाऱ्यानं नाव मोठ्यानं वाचलं, कार्ड पाहिलं, बोटाला शाई लावली. सगळं मिळून पाच मिनिटं.

परतीची बस दोनला होती. सारजाबाई घरी गेल्या आणि मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंग काढला. शेजारच्या गेणूंना बोलावून त्यांनी दारावर लिहायला सांगितलं : ‘मेंढरं घेऊन गेलोय. वैशाखात येणार.’ खाली राघूंचा मोबाइल नंबर.

“चोरांना आवतण देती का काय?” गेणू म्हणाले.

“चोर काय नेतोय? कार्ड माझ्याजवळ हाय. नंबर नीट काढ, वृषालीला वाचता आला पायजे.”

रंग वाळेपर्यंत त्या ओट्यावर बसल्या. मग कुलूप लावून दोनच्या बसला निघाल्या.