पुंजाराम बुढ्याले न पटलेली गाडी

आमच्या गावात नवी वस्तू आली की आधी ती पुंजाराम बुढ्यापाशी नापास होते, मग गावात नांदते. ठिबक आलं तेव्हा बुढा म्हणाला, "यात नवं काय हाय? मडक्याले भोक पाडून आमी झाडं जगवत होतो." मोबाईल आला तेव्हा म्हणाला, "मी धुऱ्यावरून हाक मारली तं तिसऱ्या वावरात जाते, अन् फुकट जाते." सत्तरी कवाच ओलांडली, पण वाद घालाले बसला की त्याले जेवाचं भान राहत नाही. मी वच्छला, त्याच्या शेजारच्या वावरात वांगी अन् मेथी करते. लग्न होऊन आली तेव्हापासून या माणसाचं ऐकून राहिली. डोकं उठते माझं. पण दोन दिवस दिसला नाही तर करमतही नाही.

तर गोष्ट प्रणालीच्या गाडीची. आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या आतल्या अंगाले. गावचा भाजीपाला पहाटे अमरावतीच्या बाजारात नेणारा एकच माणूस, देवीदास. त्याची डिझेलची पिकअप म्हणजे नुसता खटारा, पण तिनं कधी आमचा माल सडू दिला नाही. यंदा गाडीही बसली अन् देवीदासची कंबरही. मग त्याची पोरगी प्रणाली उभी राहिली. गाडी चालवणं ती बापापाशीच शिकली होती. तिनं अकोल्याच्या शोरूममधून बॅटरीवरची नवी पिकअप आणली, आठ दिवस चालवून पाहाले. गावानं माल दिला तर गाडी ठेवायची, नाही तर परत करायची अन् अकोल्याले मावशीकडे राहून कापडाच्या दुकानात लागायचं, असं घरात ठरलं होतं. पोरीले साड्यांच्या घड्या घालायच्या नव्हत्या. गाडीच चालवायची होती.

संध्याकाळी मारुतीच्या पारापाशी तिनं गाडी उभी केली अन् सारं गाव गोळा झालं. प्रणालीचा चुलतभाऊ कुलदीप आयटीआय शिकलेला. त्यानं सांगाले सुरुवात केली. गिअर नाही, धूर नाही, चढावर थांबली तर मागं घसरत नाही. मागं सॉकेट आहे, त्याच्यावर फवारणीचा पंप चालते.

बुढा गाडीभोवती फिरला, वाकून खाली पाहिलं, टायर दाबला.

"चाकं किती?"

"चार," कुलदीप म्हणाला.

"माल कुठी ठेवाचा?"

"मागं."

"अन् जाते कुठी?"

"अमरावतीले."

"मंग नवं काय हाय यात? रोज चार्जिंग करा, हे एक नवं दुखणं तेवढं."

सारे हसले. कुलदीप चिडला, "आबाजी, तुमाले विमानात बसवलं तं तुमी म्हणसान, पाखरं आधीपासूनच उडतेत."

"उडतेतच ना," बुढा म्हणाला.

मी म्हटलं, "बाप्पा, आपल्याले मेथी पोचवाची हाय, गाडीशी सोयरीक नाई जोडाची. देऊन पाहू उद्या." बाकीच्यांनीही होकाराच्या माना हलवल्या. पण तोवर प्रणाली गाडीत जाऊन बसली होती. तिनं हसणं ऐकलं, माझं बोलणं ऐकलं नाही. काच खाली करून एवढंच म्हणाली, "बाबाच्याच टायमाले येते. ज्याले द्याचा त्यानं द्या."

आता आमची पहाटेची रीत सांगते. वावरात घड्याळ कोणी पाहत नाही, फोन घरी चार्जिंगले असते. झोपडीत बसून जुड्या बांधत राहायचं. देवीदासची गाडी नाल्याच्या चढावर घरघरली की साऱ्या शिवाराले ऐकू यायचं. मग क्रेट उचलायचे अन् गाडी पोचायच्या आत धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, आणून ठेवायचे.

त्या दिवशी मी जुड्या बांधल्या, पाणी शिंपडलं अन् कान लावून बसली. उजाडलं. ऊन आलं. मेथी मान टाकाले लागली तशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी मी हिच्या बाजूनं बोलली अन् ही पोट्टी पहिल्याच दिवशी झोपून राहिली.

तशीच देवीदासच्या घरी गेली, तर अंगणात आधीच चारपाच जण भांडत होते. प्रणाली खाली मान घालून बसली होती, डोळे सुजलेले.

"आली कावून नाई तू?" मी विचारलं.

"आली होती काकू. कोण्याच धुऱ्यावर क्रेट नव्हता. हॉर्न वाजवला, कोणी बाहेर आलं नाई. कालच्या हसण्यावरून समजली मी. रिकामी जाऊन आली अमरावतीले."

हॉर्न मी ऐकला होता. दूधवाल्याची स्कूटी वाटली होती मले.

पुंजाराम बुढा दाराशी उभा होता. म्हणाला, "माया धुऱ्यापाशी ताज्या चाकोऱ्या हायेत. पोट्टी आली होती. नाल्यावर आवाज केला नाई तिच्या गाडीनं, अन् आपून सारे आवाजाची वाट पाहत बसलो."

मले लाज वाटली. बुढ्याले तर आता वादात जिंकायची आयती संधी होती. पण त्यानं पोरीकडे पाहिलं अन् काठी टेकत निघून गेला. देवीदास पोरीले म्हणाला, "आणखी एक दिवस जाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे जुडी बांधता बांधता माझा हात थांबला. नाल्याकडून घुंगरं वाजून राहिली होती. मोऱ्याची घुंगरं. मोऱ्या म्हणजे पुंजाराम बुढ्याचा बैल, उन्हाळ्यात मेला. बुढा तेव्हा पोटच्या लेकरासाठी रडावं तसा रडला होता. त्याची माळ त्यानं पोळ्यालेही दुसऱ्या बैलाच्या गळ्यात घालू दिली नव्हती. अंगावर काटा आला माझ्या. पण हात सवयीनं क्रेटकडे गेले अन् मी धुऱ्यावर आली.

साऱ्याच धुऱ्यांवर माणसं उभी होती. चढावरून गाडी आली, आवाज नाही, धूर नाही, अन् समोरच्या जाळीले मोऱ्याची माळ बांधलेली. प्रणालीच्या शेजारी बुढा बसला होता.

कुलदीप क्रेट चढवता चढवता म्हणाला, "आबाजी, आता तं म्हणा, गाडी नवी हाय."

"नवी कायची?" बुढा म्हणाला. "बैलगाडीच हाय. बैल दिसत नाई एवढंच."

वांगी चढली, मेथी चढली, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या चढल्या. शेवटी बुढ्याच्या टमाट्याचा क्रेट राहिला अन् मागं बोट घालाले जागा नव्हती. प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. हसत होती, पण डोळे भरले होते. म्हणाली, "काकू, बाबाले सांगजा, गाडीत जागा नाई उरली."

बुढ्यानं टमाट्याचा क्रेट मांडीवर घेतला अन् म्हणाला, "चाल पोरी, बाजार भरून राहिला."